घरची बॅटरी

"शनिवारी होडीला गिऱ्हाईक येतंय," लिओटा म्हणाली. "ती चालू झाली पाहिजे. बॅटऱ्या नव्या घाल, ओरेन. कुठल्या घ्यायच्या ते तूच ठरव."

धाकट्या भावाची, गार्नेटची बायको. तिला नाही म्हणायला ओरेनला तोंड नव्हतं.

गार्नेट ऑक्टोबरात, धुक्याच्या सकाळी, एकटाच मासेमारीला गेला होता. दोन दिवसांनी होडी सापडली. इंजिन बंद, वायरलेस मुका, आत कोणी नाही. गावाने निदान करून टाकलं : बॅटऱ्या उतरल्या, बिचारा वल्हं मारायला उभा राहिला आणि तोल गेला.

नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर लहान होडीलाही दोन बॅटऱ्या असतात. त्यांचा खटका खाली झाकणाआड, त्याला चार घरं : एक, दोन, दोन्ही, बंद. जायचं ते पहिलीवर. दुसरीला हात लावायचा नाही. तिला गावात 'घरची' म्हणतात, कारण ती घरी आणते. खटका 'दोन्ही'वर विसरणारा म्हणजे चुलीवर दूध ठेवून बाजाराला गेलेला माणूस. मग एक उतरली की दुसरीलाही घेऊन उतरते.

आणि ओरेन विसरला होता. आदल्या संध्याकाळी तो पाणी उपसायचा पंप दुरुस्त करायला होडीवर गेला, खटका 'दोन्ही'वर फिरवला, पंप चालवून पाहिला, आणि पाऊस आला तसा घरी पळाला. पंप तरी बंद केला होता का? तेही आठवेना. सकाळी शेवटच्या दमावर इंजिन सुरू झालं असणार, आणि लांब जाऊन थांबवल्यावर पुन्हा झालंच नसणार. हे त्याने एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. मेलेल्याला मात्र तो रोज सांगायचा. झोपेतही त्याचा हात खटका फिरवत असायचा.

होडीतल्या बॅटऱ्या त्यानेच काढून शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. सात महिने तो त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही; लाकडं आणायलाही मागच्या दाराने जायचा. आता ताडपत्री उचलली आणि जरा चक्रावला. उतरलेली बॅटरी थंडीत गोठते, फुटते. या दोन्ही धडधाकट होत्या. नशीब, असं म्हणून त्याने त्या गाडीत टाकल्या.

बंदरावरचं दुकान हार्लनचं. होडी ओढून आणणाराही तोच.

"एक झटक्याची घे, इंजिन उठवायला," तो म्हणाला. "आणि एक दमाची, दिवे-वायरलेस चालवायला. दोन्ही एकाच घरातल्या, एकाच कंपनीच्या घे मात्र, नाहीतर संसार होत नाही त्यांचा. जुन्या आण इकडे, वजनावर घेतो."

सवयीने त्याने जुन्या बॅटऱ्यांना मीटर लावलं. एकीला, मग दुसरीला. मग पुन्हा एकीला.

"चार्ज केल्यास का?"

"हात नाही लावला."

"मग लेका, नव्या कशाला? या भरलेल्या आहेत. अजून दोन वर्षं कुरकुर न करता चालतील."

ओरेनला आधी हायसं वाटलं. माझ्या हातून नाही गेला. माझ्या हातून नाही!

मग त्याला खटका आठवला. बॅटऱ्या काढताना तो 'बंद'वर होता.

"हार्लन, होडी सापडली तेव्हा खटका तू बंद केलास?"

"मी कशाला करतोय? चावी फिरवली, काही होईना. दोर बांधला न् आणली. खाली वाकून झाकण कोण उघडतं अशा वेळी?" बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. त्याने मीटरच्या तारा काढल्या आणि उगीचच गुंडाळत बसला.

भरलेल्या दोन बॅटऱ्या होत्या. समोर वायरलेस होता. आणि गार्नेटने वाकून, झाकण उघडून, खटका स्वतःच्या हाताने बंद केला होता. म्हणजे त्याचा तोल गेलाच नव्हता. ओरेनला भावाचा राग आला, आणि त्या रागाच्या मागोमाग भीती. हे लिओटाला कळलं तर?

"नव्याच दे," तो म्हणाला. "दोन्ही."

"जुन्या राहू देत इथेच," हार्लन त्याच्याकडे न बघता म्हणाला. "आजच भंगारात घालतो."

लिओटाच्या स्वयंपाकघरात होडीशी बोलायचा वायरलेस चालूच होता. गार्नेट गेल्यापासून तिने तो बंद केलाच नव्हता. तिने चहा ओतला.

"हार्लनने जुन्या तपासल्या का?" तिने विचारलं.

"का?"

"त्या दिवशी मला शहरात डॉक्टरकडे जायचं होतं. अकरा वाजले तरी याचा पत्ता नाही. मी वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. मग माझं डोकं फिरलं. त्यावरच म्हटलं, 'राहा मग तिकडेच!' आणि वायरलेसमधून दोनदा टक्-टक् झालं."

माईकचं बटण दोनदा दाबायचं, म्हणजे 'ऐकलं, ठीक आहे.' तिकडचे कोळी बोलायचा कंटाळा आला की तेवढंच करतात.

"तो होता का, ओरेन? त्याने ऐकलं का माझं?"

"तो नव्हता. तो कसा असेल? दोन्ही मेल्या होत्या. दगड झाल्या होत्या."

"दोन्ही? घरचीसुद्धा? गार्नेट असं कधी करत नाही."

"मी केलं. आदल्या दिवशी पंप बघायला गेलो होतो. खटका 'दोन्ही'वर विसरलो."

"सात महिने," ती म्हणाली. "सात महिने तू इथे बसून माझ्या हातचा चहा पितोयस."

"हो."

"बॅटऱ्या बसव आणि जा. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस."

त्याने कप ठेवला, टोपी घेतली. दार ओढून घेताना मागे खट् करून वायरलेस बंद झाल्याचा आवाज आला, आणि मग ती रडायला लागली, मोठ्याने, गार्नेटचं नाव घेऊन. सात महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. ओरेन पायरीवर उभा राहून तिचं रडणं शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि मग बॅटऱ्या बसवायला गेला.