लक्ष्मीपाशी ठेवलेलं भाडं

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. उदगीरला ईश्वरप्पांच्या घरी, देवघराच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माझ्या बहिणी असतील, म्हणून माझी हकिकत तुम्हालाच सांगते. सांगताना मान खाली जाते, पण सांगते.

मला घडवलं सटवाजी पत्रेवाल्याने. जाड पत्रा कापून, ठोकून त्याने आम्हा दोघी बहिणींना तयार केलं. मी थोरली, दुसरी धाकटी. पोटाशी एक झडप ठेवली, हात आत जाईल एवढी. ईश्वरप्पांच्या बायकोला, बसम्मांना, तो म्हणाला, "अम्मा, तुमच्या नातसुना वापरतील, पर हिला काय व्हायचं न्हाई." त्याच्या तोंडून आपली तारीफ ऐकून मी तेव्हाच जरा शेफारले.

माझं खरं काम भाद्रपदातलं. पोटात गहू भरायचे, अंगावर जरीची साडी चढवायची, वर पितळेचा मुखवटा ठेवायचा, की झाली महालक्ष्मी उभी! डोक्यावर फुलोरा, पुढ्यात पुरण आणि ज्वारीची आंबील. एरवी ज्या बाया माझ्यावर ओलं फडकं वाळत घालतात, त्याच तेव्हा डोक्यावर पदर घेऊन माझ्या पाया पडतात. मग सण उलगडतो, मुखवटा डब्यात जातो आणि माझ्यावर रद्दीचा गठ्ठा येऊन बसतो. पोटातले गहू मात्र तसेच राहतात. ते दिवाळीच्या फराळालाच काढायचे, तोवर झडप उघडायची नाही, अशी या घराची रीत आहे.

या रीतीनेच घात केला.

वरच्या खोलीत तनुजा नावाची मुलगी भाड्याने राहायला आली होती. किनवटकडची, शेतकऱ्याची लेक. इथल्या एका दवाखान्यात नर्स होती. चालतानासुद्धा आवाज करायची नाही. ईश्वरप्पांना ती 'मामा' म्हणायची. भाडं रोख हवं, हा मामांचा हट्ट. "मोबाईलमधला पैसा मला दिसत न्हाई," म्हणायचे.

महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी ती पाकीट घेऊन खाली आली. ईश्वरप्पा धान्याच्या मोंढ्यात, बसम्मा चुलीपुढे घामाघूम, घरभर पाहुण्या. तिने माझ्यासमोर उभं राहूनच फोन लावला.

"मामा, भाडं आणलंय. कुठं ठेवू?"

"लक्ष्मीपाशी ठेव की. आतच हाय ती." ईश्वरप्पांचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला.

आता ऐका घोळ. लक्ष्मी हे त्यांच्या माहेरपणाला आलेल्या लेकीचं नाव. पण त्या नावाने तिला एकटे ईश्वरप्पाच हाक मारतात. बाकी सगळं घर तिला 'अक्का' म्हणतं. नव्या भाडेकरूला हे कुठून ठाऊक असणार? तिच्या गावाकडे पिकाचा पहिला पैसा महालक्ष्मीच्या कोठीतच ठेवतात. तिला वाटलं, किती देवभोळे आहेत मामा! तिने साडी जरा बाजूला सारून माझी झडप उघडली, पाकीट गव्हावर ठेवलं, नमस्कार केला आणि ड्यूटीला निघून गेली. कुणाशी बोलली नाही. त्या गडबडीत कुणी पाहिलंही नाही.

सण झाला, अक्का सासरी गेली. भाडं आलं नाही म्हणून ईश्वरप्पांनी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "मला कुणी काय दिलं न्हाई, अप्पा." झालं! संध्याकाळी त्यांनी तनुजाला खाली बोलावलं.

"मामा, तुम्ही सांगितलं तसं ठेवलं की मी."

"ठेवलं तर गेलं कुठं? माझ्या घरातल्यांनी घेतलं म्हणतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या गावाकडे कोठीतले गहू सण उलगडताच काढतात. तेव्हा तिला वाटलं, मी रिकामी आहे आणि मला रिकामी केली बसम्मांनी. 'कोठीत ठेवलं होतं' म्हणणं म्हणजे त्या म्हातारीला चोर म्हणणं. तिने ओठ मिटून घेतले. आणि ईश्वरप्पांना तिचं गप्प बसणं हीच कबुली वाटली.

मी तिथेच होते, मित्रांनो. पाकीट माझ्या पोटात होतं. सगळं घर माझ्या पाया पडलं होतं, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. गंजून भोक पडावं, गहू सांडावेत, पाकीट बाहेर यावं, असं वाटत राहिलं. सटवाजीने मला इतकं पक्कं का केलं!

पगार होताच तनुजा पुन्हा पैसे घेऊन आली. "मामा, मी कुणाच्या हातात दिलं न्हाई, कुणाला सांगितलंबी न्हाई. जबाबदारी माझीच. हे घ्या."

ईश्वरप्पांनी पैसे घेतले. वर म्हणाले, "बघ, होते न्हाई का पैसे?"

ती जिना चढून वर गेली. हातात पैसे उरले नाहीत म्हणून दिवाळीला ती गावी जाणार नव्हती, एवढं तिने जिन्यात कुणाला तरी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

दिवाळी तोंडावर आली आणि बसम्मांनी झडप उघडली. गव्हाबरोबर पाकीट हाताला लागलं. वर तिच्या अक्षरात 'भाडं, तनुजा' लिहिलेलं. बसम्मांनी ते ईश्वरप्पांपुढे धरलं. "अवो, पोरीनं लक्ष्मीपाशीच ठेवलं होतं की! देवीपाशी!"

ईश्वरप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. आपलाच शब्द त्यांना आठवला. त्यांनी तनुजाला हाक मारली. वर जायचं धाडस झालं नाही. ती आली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं. "बाय, चुकलं माझं. मला माफ कर."

तनुजाने पाकीट घेतलं. डोळे भरले होते, पण आवाज शांत होता.

"चूक माझीबी हाय, मामा. हातात द्यायला पाहिजे होतं. पर तुम्ही एकदा तरी विचारायचं, 'पोरी, कुठं ठेवलंस?' 'माझ्या घरातल्यांनी घेतलं का,' एवढंच विचारलं तुम्ही."

बसम्मांनी पदर तोंडाला लावला. त्याच रात्रीच्या गाडीने तनुजा किनवटला गेली आणि दिवाळीनंतर सामान न्यायला तिचा भाऊ एकटाच आला.

मित्रांनो, दुसऱ्याचं देणं असेल तर ते माणसाच्या हातात द्या आणि 'मिळालं' हा शब्द ऐकल्याशिवाय हलू नका. आणि काही हरवलंच, तर ठपका ठेवण्याआधी नीट विचारपूस करा. यंदाही मला जरीची साडी नेसवतील. पहिली बाई पाया पडायला वाकेल, तेव्हा मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने पाहू?