माघारी वळलेल्या गाड्या

मित्रांनो, मुठीत मावेल एवढाच माझा जीव. पोलादी अंग, पोटावर चार आकड्यांची खिडकी, वर एक खटका आणि बाजूला शून्यावर आणणारी किल्ली. लोक मला गणक म्हणतात. मी आता जुना झालो आहे, आणि खरे सांगायचे तर स्वभावाने फार संशयी झालो आहे. जन्मतः मी असा नव्हतो.

कारखान्यात एका चष्मेवाल्या कारागिराने मला जोडले. त्याने मला हजार वेळा दाबले आणि प्रत्येक वेळी तोंडाने आकडा म्हटला. शेवटी खिडकीत डोकावून तो म्हणाला, "जमलं बुवा!" माणूस बोलतो आणि यंत्र दाखवते ते एकच असते, असे मला तेव्हा वाटले. त्याच भाबडेपणाने मी कामावर रुजू झालो.

माझे काम होते सीमेवरच्या एका फाटकापाशी. पलीकडच्या देशातून मालाचे ट्रक येत, त्यांची मोजणी चार आठवडे चालायची होती. पंधरा वर्षांनी या वाटेने किती माल येईल याचा अंदाज एका कार्यालयाला बांधायचा होता. तिथले आकडेवाले साहेब सगळ्या मोजणीदारांना म्हणाले होते, "आजचा आकडा चुकला, तर पंधरा वर्षांनंतरचा रस्ता चुकेल." अंदाज मोठा आला तर फाटक रुंद होणार होते. लहान आला तर नवा रस्ता दुसरीकडून निघणार होता.

मला ज्यांच्या हाती दिले त्यांना सगळे दुर्बीणबाई म्हणत, कारण त्यांची नजर फार लांबवर पोचायची. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या टपरीत त्या उंच स्टुलावर बसत. ट्रक जवळून गेला की जमीन थरथरे, स्टूल थरथरे, आणि बाई मला दाबत. थरथर आणि खटका, थरथर आणि खटका. माझी त्या लयीशी चांगली गट्टी जमली होती.

पाचव्या दिवशी दुपारी काहीच थरथरले नाही, तरी खटका दाबला गेला.

आधी मला वाटले, बोट घसरले असेल. पण थोड्या वेळाने पुन्हा तसेच झाले. त्या दिवशी किती गाड्या नसतानाच मोजल्या गेल्या, मला सांगता येणार नाही. पण संध्याकाळी खिडकीत जो आकडा होता, तो मला माझा वाटेना. दुसऱ्या दिवशीही तेच. आता मी त्या अंगठ्यावर पाळत ठेवू लागलो. तो दाबण्याआधी जरा थबकतो का? त्याला घाम येतो का? अंगठा कोरडा आणि शांत होता. त्याने माझा संशय वाढलाच. इतक्या सराईतपणे खोटे बोलणारा हात मी पाहिला नव्हता.

भरीत भर म्हणून दुसऱ्या आठवड्यात बाईंचे दीर आले. त्यांचे फाटकाजवळच टायर दुरुस्तीचे दुकान होते आणि अख्खे घर त्यावर चालत होते. ते टपरीच्या दारात उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आकडा जरा सढळ हाताने टाका. फाटक गेलं तर दुकान गेलंच म्हणून समजा."

"भाऊजी, इथे उभे राहू नका. कुणी बघेल," बाई म्हणाल्या.

मी नीट ऐकले, मित्रांनो. 'नाही' म्हणाल्या नाहीत.

अखेर व्हायचे तेच झाले. फाटकावर रस्त्यात आडवी टाकलेली एक रबरी नळी चाके मोजत होती, आणि सीमाशुल्काच्या कचेरीत प्रत्येक ट्रकचा कागद होत होता. त्या दोघांचे आकडे जुळत होते. माझा मात्र रोज तीसेक गाड्यांनी पुढे! कार्यालयाच्या तपासनीसाने मला टेबलावर आपटले. "एक तर हे खटारं बिघडलंय, नाहीतर बाई बिघडल्यात," तो म्हणाला. चूक माझी नाही हे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण मला तोंड कुठे होते?

दुसऱ्या दिवशी आकडेवाले साहेब स्वतः आले. त्यांचाही चेहरा संशयाने आखडलेला होता. बाई खुलासा करत बसल्या नाहीत. त्यांनी आपले स्टूल साहेबांना दिले आणि म्हणाल्या, "साहेब, फाटकाकडे बघू नका. तिकडे खाली, वळणाकडे बघा."

साहेबांनी डोळे बारीक केले. बराच वेळ त्यांना काही दिसले नाही. मग लांबच्या वळणावर एक निळा ट्रक आला. चालकाने खाली उतरून फाटकाची रांग पाहिली, हात झटकला, आणि गाडी वळवून तो माघारी गेला. थोड्या वेळाने दुसरा गेला.

"हे कुठे जातात?" साहेबांनी विचारले.

"डोंगराला वळसा घालून दुसऱ्या फाटकाने, नाहीतर परत. फाटक दिवसाला जेवढ्या गाड्या सोडतं तेवढ्याच तुमच्या कागदावर येतात. पण यांनाही इथूनच यायचं होतं ना?"

साहेब स्टुलावरून खाली उतरले. मग म्हणाले, "अहो, माझा अंदाज दर वर्षी जागच्या जागीच का राहतो, याने मी हैराण झालो होतो! मी मागणी मोजतोय असं समजून फाटकाची रुंदीच मोजत होतो. पण बाई, या गाड्या वेगळ्या का नाही लिहिल्यात?"

"फॉर्ममध्ये रकानाच नव्हता." बाईंनी पिशवीतून एक वही काढली. माघारी वळलेली प्रत्येक गाडी तिच्यात वेळेनिशी, रंगानिशी लिहिलेली होती.

मला फार लाज वाटली. इतके दिवस मी ज्या हातात राहिलो, त्यालाच चोर समजत होतो. पण साहेब आकड्यांचे माणूस. ते वही आणि माझे रोजचे आकडे ओळीने ताडून पाहू लागले. एक सोडून सगळे दिवस जुळले. त्या एका दिवशी वहीत एकोणतीस गाड्या होत्या, माझ्याकडे तेहतीस जास्तीच्या होत्या.

"या चार कुठल्या?"

बाईंचा अंगठा माझ्या खटक्यावर होता. पहिल्यांदाच तो ओला झाला.

"त्या नव्हत्याच," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी दीर येऊन गेले होते. चार वेळा दाबलं, मग माझी मलाच शरम वाटली. तो अख्खा दिवस काढून टाका साहेब. आणि मला इथून हलवा. ते रोज येतील, आणि मी रोज खंबीर राहीनच असं नाही."

साहेबांनी तो दिवस लाल शाईने खोडला. पुढच्या महिन्यात प्रत्येक फाटकाच्या फॉर्ममध्ये 'माघारी वळलेल्या' असा नवा रकाना आला. बाईंची मोजणी सुटली, पण त्यांना कार्यालयात इतरांचे आकडे तपासायला बसवले. त्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. गोल गोल आकडे दिसले की त्या म्हणत, "हा माणूस जागेवर नव्हता. झाडाखाली झोपून लिहिलंय हे." फाटक पुढे रुंद झाले. दिरांनी मात्र, साहेबांपुढे आपले नाव घेतले म्हणून, वर्षभर वहिनीशी अबोला धरला.

मी त्यानंतर कितीतरी फाटके पाहिली. आता कॅमेरे मोजतात, आणि मी कार्यालयातल्या एका कपाटात असतो. स्प्रिंगला गंज चढतो आहे. नवी मुले पडद्यावरचे आकडे पाहून माना डोलावतात, तेव्हा माझा जुना संशय जागा होतो. कुणीतरी विचारा ना, कॅमेऱ्याचे तोंड कुणीकडे आहे, फाटकाकडे की वळणाकडे!

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. माझ्यासारख्यांना अधूनमधून तेल द्या, धूळ पुसा. आमचा आकडा वाचण्याआधी मोजणाऱ्याच्या शेजारी एक दिवस बसा. आणि जाता येता मला उचललेत, तर गंमत म्हणून खटका दाबू नका. मला गंमत कळत नाही. मी ती गाडीच समजतो.