कुंडलिकाच्या दोन ओव्या

कुंडलिकाला मशीनचं वेड दांडगं आणि अक्कल बेताची, असं त्याची धाकटी बहीण सोनीबाई त्याच्या तोंडावर सांगायची. आणे गावात पहिला फोनोग्राफ त्यानं आणला. आई चिमाबाईला जात्यावर बसवून तिच्या तीन ओव्या मेणाच्या नळीवर भरून घेतल्या, एवढं एकच काम त्याच्या हातून धड झालं. दोन ओव्या लेकाच्या कौतुकाच्या, तिसरी सोनीची. पुढं सहा महिन्यांत आई गेली आणि तिचा आवाज तेवढा त्या नळीत राहिला.

पण खंडेनवमीला या शहाण्यानं नांगर-कोयत्यांच्या ओळीत मशीनही मांडलं, आणि आवाज जिच्यातून निघतो त्या गोल डबीलाच तेलात कालवलेला शेंदूर फासला. तेल आत उतरलं आणि आवाजाचा घसा बसला. डबी जुन्नरला बदरुद्दीन घड्याळजीकडे दुरुस्तीला गेली. सोनीला सासरी, शिनोलीत निरोप आला की आईच्या वर्षश्राद्धाला येताना वाटेत डबी घेऊन ये.

बदरुद्दीन आधीच पेटलेला होता. "पोरी, तुझ्या भावाला कुणी सांगितलं व्हतं शेंदूर लावायला? पूजा करायची तर पेटीची करावी. अभ्रकाचा पडदा पार माखला व्हता, रबराची कडी फुगली व्हती." त्यानं पडदा पुसून घेतला होता, कडी नवी घातली होती. डबी पेटीवर बसवायची कशी, हे त्यानं तिच्याकडून दोनदा करवून घेतलं. मग दुसरी, जड वजनाची डबी तिच्या तळहातावर ठेवली. "ही कडक नळ्यांची. नवी निघालीय. आवाज लई मोठा, पण मऊ मेणावर टेकवली की नांगर घातल्यावानी सोलत जाती. तुझ्या आईच्या नळीला हलकीच लाव. भावाला बजावून सांग."

"सांगते चाचा. ऐकतोय कुठं तो कुणाचं!" सोनी म्हणाली आणि हलकी डबी पदरात बांधून आण्याच्या गाडीत बसली.

ती पोचली तेव्हा दारात मांडव घातला होता, पाव्हणे जेवायला टेकत होते आणि ओसरीवर मशीन ओरडत होतं. हो, ओरडतच होतं. आई आयुष्यात कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. सोनीनं पाहिलं तर पेटीवर नवीकोरी जड डबी बसवलेली.

"पुण्याहून मागवली," कुंडलिक छाती काढून म्हणाला. "तुझी ती डबी लई हळू बोलती. गावाला ऐकू जायला नगं?"

"गावाला ऐकवायचीय का आईला जपायचीय?"

"बाईमाणसानं मला मशीन शिकवू नये."

सोनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात आणखी दोन पाव्हणे आले. कुंडलिकानं लगबगीनं डबी मागे नेली, आपल्या दोन ओव्या वाजवल्या, पाव्हण्यांनी माना डोलावल्या, आणि तिसरी सुरू व्हायच्या आत त्यानं डबी उचलली. सकाळपासून जो येईल त्याच्यासाठी हेच चाललं होतं. बहिणीच्या ओवीत त्याचं कौतुक नव्हतं, मग ती कशाला वाजवायची?

नळीखाली बोटभर तपकिरी भुसा साचला होता. सोनीनं चिमटीत धरून पाहिला. मेण होतं.

"अरं मेल्या, आईला सोलतोयस तू!"

पंगतीतले हात थांबले. सोनीनं त्याला कोपरानं बाजूला सारलं, जड डबी उपटून अंगणात भिरकावली आणि बदरुद्दीननं दाखवलं तशी हलकी बसवली. नळी फिरू लागली. खरखर, नुसती खरखर. पहिली ओवी गेली, दुसरी गेली, त्यातला एक शब्द उमटला नाही. मग हळू, पण अगदी शेजारी बसल्यासारखी आई बोलली:

*लेक माझी सोनी, शिनोलीच्या वाटंला*
*माघारी बघू नको, जीव माझा दाटला*

कुंडलिक हसला. "पयल्यापासनं लाव की." तिनं लावली. पुन्हा खरखर. त्यानं स्वतः लावली. मग कान भोंग्याला चिकटवून तिसऱ्यांदा लावली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"माजी कुठं गेली?"

"पाव्हण्यांनी ऐकली की! एकेकाला वाढलीस, सरली."

सोनीनं नळी लुगड्यात गुंडाळली. कुंडलिकानं अडवलं नाही. तो तिच्यामागं गाडीपर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सोने, आई काय म्हनली व्हती गं माज्यासाठी? मला शबूद याद न्हाईत. तेवढं तरी सांग."

सोनीला दोन्ही ओव्या तोंडपाठ होत्या. तिनं गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.