खिडकीची हमी, दृश्याची नाही

सुग्रीवचा फायदा अगदी सरळ होता: अकरा हजार चारशे रुपये. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या जहाजातली एक खोली, माणसं दोन, रात्री दोन, जेवणखाण धरून. नेहमीचं भाडं अठ्ठावन्न हजार सहाशे, सवलतीचं सत्तेचाळीस हजार दोनशे. वजाबाकी त्यानं आधी तोंडी केली, मग मोबाइलवर केली, आणि दोन्हीकडं उत्तर सारखंच आलं तेव्हा त्याच्या मनात पहिली शंका आली. अकरा हजार कुणी असेच सोडत नाही. सोडलेच, तर जनावर लंगडं असतं.

सुग्रीव केजच्या बाजारात वीस वर्षं शेळ्या-मेंढ्या घेत-विकत आला. पहिल्या भावाला त्यानं उभ्या जन्मात काही घेतलेलं नाही. एकदा डॉक्टरनं सुई टोचून झाल्यावर शंभर रुपये सांगितले, तर हा दंड चोळत म्हणाला, "साठाला बसवा." डॉक्टरनं ऐंशीला बसवलं. तेव्हापासून सुग्रीवचा असा पक्का समज झाला, की जगात मोठा आकडा हा फक्त बोलणं सुरू करण्यासाठी असतो.

जहाजाचं खूळ मात्र त्याचं नव्हे. ते रतनबाईचं, त्याच्या बायकोचं. शेजारच्या पंचशीला सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा लेकानं त्यांना जहाजातून फिरवून आणलं. आल्यावर त्यांनी रतनबाईला मोबाइलवर दाखवलं: पांढऱ्या चादरीचा पलंग, पायथ्याला मोठी खिडकी, खिडकीत नुसतं हलणारं पाणी. रतनबाईनं ते तीनदा बघितलं आणि घरी येऊन म्हणाली, "मला बी असंच आडवं पडून पाणी बघायचंय."

पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदाच काही मागितलं. त्यातली पहिली पंधरा वर्षं मेंढरांमागं गेलेली. दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, रात्रीतून चारदा उठून मोजायची, आणि तांबडं फुटायच्या आत पुढचा मुक्काम धरायचा. पडल्या पडल्या काही बघत राहावं, एवढा निवांतपणा तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यात ईदेच्या बाजारात बोकडांना भाव चांगला लागलेला, त्यामुळं सुग्रीवकडं नाही म्हणायला कारणही उरलं नाही.

"जाऊ की," तो म्हणाला. "त्यात काय!"

त्यात काय, ते समाधानच्या दुकानात कळलं. समाधानचं दुकान तहसीलच्या रस्त्याला. सातबारा, पीकविमा, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथं निघतं. जहाजाचं तिकीट मात्र त्यानंही पहिल्यांदाच उघडलं होतं. सुग्रीवचा मोबाइल नंबर टाकून त्यानं पडद्यावर दोन रकाने आणले.

"मामा, नेहमीच्या भाड्यात खोलीचा नंबर आपण निवडायचा. जायचं रद्द झालं तर पंधरा दिवस आधी सांगायचं, पैसे परत. सवलतीत खोली कंपनी देईल ती. आन् पैसे परत न्हाईत."

"पण खिडकी?"

"खिडकी दोन्हीत हाय." समाधान पडद्याला नाक लावून वाचू लागला. "सवलतीत लिहिलंय, खिडकीची हमी, दृश्याची नाही."

"म्हंजी खिडकी हाय?"

"हाय."

"आन् त्यातून दिसत न्हाई?"

"दिसंल बी, न्हाई बी. समोर होडी टांगलेली असली तर होडी दिसंल."

"एवढं जहाज असताना होडी कावून टांगतेत बे?"

"जहाज बुडालं तर बसायला."

सुग्रीव खुर्चीत पुढं सरकला. "बुडालं तर पैसे परत?"

"सवलतीत न्हाई," समाधान गंभीरपणे म्हणाला.

सुग्रीवनं पुन्हा दोन्ही रकाने बघितले. दिसत नसेल तर ती खिडकी कशाची, ती तर भिंतीतली देवळी. पण दिसलंच, तर अकरा हजार चारशे वाचले. न बघता घेतलेल्या कळपात एखादं आजारी निघतं, हे खरं. एखादं गाभणही निघतं, हेही खरं. शेवटी त्यानं सवयीनं खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि रुमालाखाली हात समाधानपुढं केला. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, झाकलेल्या बोटांनी, चारचौघांना कळू न देता. समाधाननं बिचाऱ्यानं रुमालाखाली हात घातला, सुग्रीवची तीन बोटं हाताला लागली, आणि त्या बोटांचं काय करायचं ते न कळून त्यानं ती तशीच धरून ठेवली.

"मामा, हे काय?"

"त्यांना विचार. चव्वेचाळीसला देतेत का?"

"कुणाला विचारू? पलीकडं माणूसच न्हाई."

"माणूस न्हाई तर भाव कुणी लावला?"

मग सुग्रीवनं पुढची चाल केली. उठला, "ऱ्हाऊ दे, जमत न्हाई" म्हणाला आणि चालायला लागला. बाजारात गिऱ्हाईक असं पंधरा पावलं गेलं की मागून हाक येते. सुग्रीव पंधरा पावलांवरच्या हॉटेलात बसला. दोन चहा झाले. हाक आली नाही. आला तो समाधान, दुकानाला कुलूप लावून जेवायला निघालेला.

संध्याकाळी मात्र मोबाइल वाजला. इंग्रजीतला मजकूर. तो घेऊन सुग्रीव पंचशीला सिस्टरांच्या ओट्यावर गेला. रतनबाई तिथंच शेंगा फोडत बसली होती.

सिस्टरांनी चष्मा लावला. "लिहिलंय, सुग्रीव, तुमची खोली तुमची वाट बघतेय. फक्त तीन उरल्यात."

"बघ!" सुग्रीव बायकोकडं वळला. "बोलावू लागला की न्हाई?"

"मग जा की," रतनबाई म्हणाली.

"पहिल्या हाकेला जायचं नसतं."

"सुग्रीवभाऊ, ही हाक सगळ्यांनाच जाते," सिस्टर म्हणाल्या. "मशीन पाठवतं."

"माझं नाव कसं मग त्यात?"

सिस्टर हसल्या. सुग्रीवनं त्यांना सरळच विचारलं, की त्यांनी कोणतं भाडं भरलं होतं. त्याला वाटलं, इथं तरी एक बाजू पक्की होईल.

"लेकानं सवलतीचं घेतलेलं. आन् आमाला एकदम छान खोली लागली. तो व्हिडिओ तिथलाच."

सुग्रीवच्या चेहऱ्यावर अकरा हजार चारशे रुपयांचं तेज आलं.

"पण आमच्या शेजारी लातूरची एक बाई होती," सिस्टर पुढं म्हणाल्या. "तिनं बी सवलतीचंच घेतलेलं. तिच्या खिडकीत नुसती नारंगी होडी. दोन दिवस आमच्या खोलीत येऊन बसायची."

"म्हंजी चांगलं का वाईट?"

"ते तुमी ठरवा."

दुसऱ्या दिवशी तो समाधानकडं गेला, तो सवलतीचं भाडं एकोणपन्नास हजार आठशे झालेलं. नेहमीचं होतं तेवढंच. सुग्रीवला हे मुळीच उमजेना. गिऱ्हाईक उठून गेलं की माल उतरतो, चढत नाही. चौसाळ्याचा एक व्यापारी एकदा असा चढला होता, पण तो रागावून. त्याची समजूत काढता आली. इथं रागावलंय कोण, हेच दिसत नव्हतं.

"आजच घ्या मामा," समाधान म्हणाला.

"आज घेतलं तर त्याला वाटंल आपण गरजू हाव."

"कुणाला वाटंल?"

"त्यालाच. जो कोण असंल त्याला."

रात्रभर त्यानं कूस बदलली. तिसऱ्या दिवशी रतनबाई म्हणाली, "मी बी येते." तिनं नवं लुगडं काढलेलं बघून सुग्रीवला जरा भीतीच वाटली.

दुकानात पडद्यावर सवलतीचं भाडं बावन्न हजार नऊशे होतं. फायदा वितळून पाच हजार सातशेवर आला होता. सुग्रीवनं मनाशी जमाखर्च मांडला: अजून थांबलं तर फायदाच उरणार नाही, आणि आत्ता घेतलं तर महाग सवलत घेतल्यासारखं होणार. त्यानं डोळे मिटले. "समाधान, सवलतीचं कर."

"आन् होडी आली तर?" रतनबाईनं विचारलं.

"न्हाई येत. सिस्टरच्या कुठं आलती?"

"लातूरच्या बाईच्या आलती."

"आली तर वर गच्चीवर जाऊन बघू. पाणी तेच हाय."

"मला गच्चीवर जायचं न्हाई. उभ्यानं बघायचं असतं तर माजलगावच्या धरणावर गेले असते, यष्टीनं. मला पडून बघायचंय."

ती हे मोठ्यानं बोलली नाही. पण समाधाननं उगाच टेबलावरचे कागद सरळ केले.

"अगं, पाच हजार सातशे नुसत्या नंबरला?" सुग्रीव म्हणाला.

रतनबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. समाधानला म्हणाली, "बाबा, जास्तीच्या पैशात नंबर आपण निवडायचा ना? मग दाव मला."

समाधाननं जहाजाचा नकाशा उघडला. मजल्यामागून मजला, खोलीशेजारी खोली. रतनबाईनं होड्या कुठं टांगल्यात ते विचारलं, त्याच्यावरचा मजला विचारला, आणि कोपऱ्यातल्या एका चौकोनावर बोट टेकवलं. "ही. वरचे पैसे माझे. माझ्या दोन शेळ्या घाला बाजारात."

आता रतनबाईच्या शेळ्या म्हणजे खरोखरच रतनबाईच्या. लग्नात बापानं तिला एक शेळी आंदण दिलेली. तिची जी पिलावळ, ती बायकोची, नवऱ्यानं तिला हात लावायचा नाही, असं त्यांच्यात आहे. सध्या त्यातल्या दोन गाभण होत्या. पंधरा दिवसांत व्यायच्या, बहुतेक जुळी. त्या बाजारात दुसऱ्या कुणाच्या दावणीला जाणार, हे सुग्रीवमधल्या व्यापाऱ्याला मुळीच परवडणारं नव्हतं.

"बाजारात कावून? मीच घेतो की. दोन्हीचे नऊ हजार."

"तेरा."

"अगं, घरातल्या घरात!"

"म्हणून तर तेरा सांगितले. बाहेरच्याला चौदा."

"साडेदहा."

रतनबाई उठली आणि दाराकडं चालू लागली. ती तिसरी पायरी उतरायच्या आत सुग्रीवच ओरडला, "बरं, बरं, तेरा!"

समाधाननं नेहमीचं भाडं भरलं.

महिन्याभरानं मुंबईच्या बंदरातून जहाज निघालं. दुपारी चारला रतनबाई पलंगावर आडवी झाली ती झालीच. खिडकीची काच स्वच्छ, काचेत पाणी, पाण्याच्या पलीकडं पुन्हा पाणी. सुग्रीव खाली जाऊन भजी खाऊन आला, वर जाऊन वारा खाऊन आला, परत आला तरी ती तशीच पडून.

"चल की जेवायला. पैसे भरलेत जेवणाचे."

"तुमी जेवा माझ्या वाट्याचं."

"काय बघू लागलीस एवढं? त्यात हाय काय?"

"काई न्हाई," रतनबाई म्हणाली, आणि डोकं उशीवर आणखी नीट टेकवलं. "म्हणून तर बघायलेय."

सुग्रीवला यातलं काही कळलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला आणि, दुसरं काही सुचेना म्हणून, बोटांवर हिशोब घालू लागला. कंपनीला गेले अठ्ठावन्न हजार सहाशे. त्यातले बावन्न हजार नऊशे त्याचे, पाच हजार सातशे रतनबाईचे. पण रतनबाईला शेळ्यांचे तेरा हजार दिले तेही त्यानंच. म्हणजे त्याच्या खिशातून गेले पासष्ट हजार नऊशे. शेळ्या व्याल्या, त्याच गोठ्यात, त्याच दाव्याला. सात हजार तीनशे रतनबाईच्या पिशवीत शिल्लक. त्यानं दोनदा मोजलं, उलटीकडूनही मोजलं. पैसे सगळे सुग्रीवनं भरले होते, आणि खिडकी रतनबाईनं विकत घेतली होती.