भिंतीकडं तोंड

महिपतीला सोलापूर आवडत नव्हतं. त्याआधी त्याला मोडनिंब आवडत नव्हतं, म्हणून तो सोलापुरास आला. गिरणीच्या हपिसात कारकुनी मिळाल्यापासून त्याला गिरणीतली माणसं आवडेनाशी झाली, मग गिरणीबाहेरची, आणि अलीकडे तर गिरणीच्या भोंग्याबद्दलही त्याचं मत वाईट होत चाललं होतं. भोंगा फार मोठ्यानं वाजतो, घराण्याचं वळण नाही, असं तो म्हणे.

त्यातून बाजारात खाणाऱ्या लोकांचा त्याला मनस्वी तिटकारा. "बाजारातलं मी सेवन करत नाही," असं तो चारचौघांत सांगे. 'सेवन' हा शब्द त्यानं हपिसातून आणला होता.

याच शब्दावर मानसिंगराव खूश झाले. मानसिंगराव म्हणजे सात रस्त्याजवळचे बडे ठेकेदार. त्यांची थोरली लेक सारजा लग्नाची होती आणि जावयाबद्दल त्यांची अट एकच, त्याचं तोंड बाजाराचं नसावं. या अटीपायी त्यांनी आधीची दोन स्थळं मोडली होती. पहिला पोरगा रस्त्यात उभा राहून फुटाणे खाताना दिसला. दुसऱ्याला खाताना कुणी बघितलं नव्हतं, पण भर दुपारी त्याच्या मिशीला कांद्याचा वास आला. महिपतीला मिशी नव्हती. त्याची सुपारी त्या शुक्रवारी संध्याकाळी फुटायची होती.

महिपतीच्या दृष्टीनं हे फार मोठं काम होतं. आजवर तो लोकांना एकट्याच्या हिमतीवर तुच्छ लेखत आला होता. मानसिंगरावांचा जावई झाला की त्याच्या तुच्छतेला घराणं मिळणार होतं.

आणि म्हणूनच शुक्रवारी दुपारी तो रहिमतुल्लाकडं खिमा खायला निघाला. शेवटचा. आधीच्या शुक्रवारचाही शेवटचाच होता.

रहिमतुल्लाची गाडी बाजाराच्या मागं, एका कापसाच्या वखारीच्या भिंतीशी लागे. पळसाच्या पानावर खिमा, वर फोडलेला कांदा, शेजारी ज्वारीची भाकरी. गिरणीतले मजूर रस्त्याकडं तोंड करून, मोठमोठ्यानं हसत खात, आणि त्यांच्याकडं बघून महिपतीच्या अंगावर शहारे येत. अब्रूदार माणसं मात्र भिंतीकडं तोंड करून ओळीनं उकिडवी बसत. तिथली रीत अशी की भिंतीकडं तोंड केलेला माणूस तिथं नसतो. शेजारी सख्खा भाऊ असला तरी तो नसतो. एकदा महिपतीचा चुलता धोंडीराम त्याच्या कोपराला कोपर लावून बसला होता. चुलत्याचा कांदा घरंगळत पुतण्याच्या पानात आला, पुतण्यानं तो खाल्ला. घरी गेल्यावर चुलत्यानं विचारलं, "आज दुपारी कुटं होतास रं?"

"हपिसात."

"मी बी तितंच व्हतो की," धोंडीराम म्हणाला. तो कोथिंबीर विकत असे.

भिंतीच्या पलीकडं रहिमतुल्लाचा भाऊ करीम बसे. तोच खिमा, तोच कांदा, पातेलंही दोघांच्या आईनं, नूरबीनं, एकाच चुलीवरून उतरवलेलं. पण अलीकडचे लोक पलीकडच्यांना हलके समजत. "पलीकडं कोण खातं?" महिपती म्हणायचा. "वास बघा कसला येतो." वास उत्तम येई.

त्या शुक्रवारी महिपती नेहमीप्रमाणं उपरणं कपाळावर ओढून, नजर जमिनीला लावून आला. रीतच तशी होती, येतानाही दिसायचं नाही. आपली जागा त्याला पायानंच ठाऊक होती. तो बसला आणि जमिनीला म्हणाला, "एक."

"लेव साब," रहिमतुल्लानं पान ठेवलं. "आज हवा अच्छी खेलती देखो."

खिमेवाल्याशी हवापाण्याच्या गोष्टी करायला महिपती काही पलीकडचा नव्हता. त्यानं पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटून चावला, आणि भिंतीतल्या ज्या भेगेकडं बघत तो नेहमी खात असे तिच्याकडं बघायला मान वर केली.

तिथं मानसिंगरावांची मिशी होती.

वखारवाल्यानं पहाटेच भिंत पाडून दगड गाड्यांत घालून नेले होते. अलीकडची ओळ आणि पलीकडची ओळ आता गुडघ्याला गुडघा भिडवून समोरासमोर बसली होती. दोन्हीकडचे अब्रूदार खाली बघत आले होते, खाली बघत बसले होते. आणि आता कुणाला उठता येईना, कारण उठायचं म्हणजे आपण बसलो होतो हे कबूल करायचं. म्हणून प्रत्येक जण समोरच्या माणसाकडं भिंतीकडं बघावं तसं बघत होता. एका म्हाताऱ्या वकिलानं समोरच्या सराफाच्या गालावर कुठं पोपडा सुटलाय का ते नीट न्याहाळलं. खाऊन झालं की बोटं भिंतीला पुसायची त्याची जुनी सवय. ती त्यानं सराफाच्या कोटाला पुसली. सराफ हलला नाही. भिंत कधी हलते का?

सगळं रीतीनं चाललं होतं. मानसिंगराव हातातल्या घासाकडं, घासाच्या आरपार, महिपतीच्याही आरपार पार होटगी स्टेशनापर्यंत बघत होते. महिपतीनं तेवढंच केलं असतं तर संध्याकाळी सुपारी फुटली असती. पण मोडनिंबात त्याला लहानपणापासून वळण लावलेलं होतं, वडीलधाऱ्याशी नजरानजर झाली की हात कपाळाला गेलाच पाहिजे. वळण वाईट. खिम्यानं बरबटलेला हात आपोआप वर गेला.

"रामराम, मामा."

दोन्ही ओळींतलं चावणं थांबलं.

मानसिंगरावांनी पापणी हलवली नाही. मागं न बघता ते म्हणाले, "करीम, भिंत बोलाय लागली व्हय रं?"

"दीवार किधर है जी?" करीम म्हणाला.

"है ना," रहिमतुल्लानं अलीकडून सांगितलं. "तुम्हारे सामनेच बैठी है. खिमा खा री."

दोघं भाऊ हसले. गेली कैक वर्षं दोन्हीकडच्या पाठी बघून बघून त्यांना या लोकांबद्दल जे वाटत आलं होतं ते सगळं त्या हसण्यात होतं. मानसिंगरावांनी सावकाश पान पुसून खाल्लं, उरलेला कांदा तोंडात टाकला, आणि नसल्यासारखे निघून गेले.

संध्याकाळी धोंडीराम पुतण्याला घेऊन सात रस्त्याला गेला. जाजम अंथरलेलं होतं, तबकात सुपारी होती, दाराआड मानसिंगरावांची बायको मथुराबाई उभी होती. मानसिंगरावांनी पान लावलं, खाल्लं, आणि सांगून टाकलं, "पोरगा पसंत न्हाय."

"काय झालं पाव्हणं?" धोंडीराम दचकला. "काल तर 'सेवन सेवन' म्हणून वानत होता."

"वळण न्हाय. जेवत्या माणसाला रामराम घालतो."

हा दोष मोठाच होता. जेवत्यानं कुणाला नमस्कार करू नये, जेवत्याला कुणी करू नये, हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक. धोंडीरामनं पुतण्याकडं असं बघितलं की जणू त्यानं देव्हाऱ्यात जोडा ठेवला. मग पाव्हण्यांची समजूत घालावी म्हणून त्यानं भोळेपणानं विचारलं, "कवा घातला म्हणायचा?"

"आज. दुपारी."

"दुपारी?" दाराआडून आवाज आला. "दुपारी तुमी जेवायला कुटं आला हुता? पोटात कळ हाय, काय खाणार न्हाय, म्हणून सांगावा धाडला न्हवं का?"

मानसिंगरावांच्या तोंडातलं पान जागच्या जागी थांबलं. मथुराबाई पदर सारखा करत दारात आली. तिनं नवऱ्याला पुन्हा काही विचारलं नाही. नवऱ्याकडून उत्तर काढण्यात तिनं लग्नानंतर वेळ घालवणं सोडलं होतं. ती महिपतीकडं वळली.

"तू सांग, बाबा. ह्यास्नी तू कुटं जेवताना बघितलंस?"

महिपतीनं मानसिंगरावांकडं बघितलं. रस्त्यात फुटाणे खाल्ले म्हणून एका पोराला घराबाहेर काढणारा हा माणूस आता जाजमाचा दोरा उसवत बसला होता. त्याला एका शब्दात लोळवता आलं असतं. पण तोच शब्द उच्चारला की उच्चारणाराही तिथं होता हे ठरत होतं. धोंडीराम खोकला. ती भिंत त्याच्याही ओळखीची होती.

"मामा नव्हतेच," महिपती म्हणाला. "मी भिंतीला रामराम घातला."

"भिंतीला?"

"होय."

"का म्हणून?"

"घालतो. रोज घालतो."

"कंच्या भिंतीला?"

"जी दिसेल तिला."

मानसिंगरावांचा जीव भांड्यात पडला तो खोलीभर ऐकू आला. "बघ की!" ते म्हणाले. "मी कसा तरी झाकून न्यायला बघत हुतो. पोराची अब्रू हाय, म्हटलं."

मथुराबाईला पटेना. तिनं समोरच्या चुना दिलेल्या भिंतीकडं बोट केलं. "हिला घाल बघू."

महिपती उठला. टोपी नीट केली, भिंतीसमोर गेला, आणि वाकून, मोडनिंबच्या रीतीनं, मनापासून म्हणाला, "रामराम, मामा."

आतल्या खोलीत सारजा हसली की रडली ते नीट कळलं नाही. मथुराबाईनं मात्र तबक उचललं. "माजी लेक येड्याला न्हाय द्यायची," ती म्हणाली. "बाजारात खाणारा एक वेळ चालंल."

हे वाक्य ऐकून तिन्ही पुरुष काही वेळ भिंतीकडंच बघत राहिले.

मानसिंगराव त्याला पोचवायला दारापर्यंत आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी महिपतीच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकले, आणि कांद्याच्या वासासकट पुटपुटले, "पोरा, खानदानी हाईस." मग दार लावून घेतलं आणि आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला.

रस्त्यावर आल्यावर धोंडीरामनं एकदा वळून बंद दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "आता पंचक्रोशीत पोरगी मिळायची न्हाय तुला. येडा म्हणतील."

"म्हणू देत," महिपती म्हणाला. "बाजारात खातो असं तर कुणी म्हणणार नाही ना?"

"ते न्हाय म्हणणार," चुलत्यानं कबूल केलं.

समोरून एक माणूस भर रस्त्यातनं पेरू खात येत होता. मान वर करून, सगळ्यांकडं बघत, ओळखीच्यांना पेरू हलवून दाखवत. महिपती थांबला, त्याला वाट दिली, आणि तो पुढं जाईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिला.

"कसली माणसं असतात," तो म्हणाला.