चुकून निघालेलं आमेन

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. पण आमच्या कंपनीत मला सगळे 'मेंढी' म्हणत. लांब काठीच्या टोकाला मी लटके आणि वारा अडवायला माझ्या अंगावर केसाळ टोपी असे. वेल्सच्या डोंगरात वाऱ्याला तोटा नाही, त्यामुळे ती क्वचितच उतरे.

कंपनी कसली, सहा माणसं आणि एक खटारा गाडी! खाणीशेजारच्या जुन्या शाळेत आमचं बिऱ्हाड होतं. आम्ही टीव्हीसाठी वेल्श मालिका करत असू. प्रत्येक प्रसंग दोनदा व्हायचा: आधी वेल्शमध्ये, मग बाहेरच्यांसाठी इंग्रजीत. माझी काठी धरणारा इद्वाल वीस वर्षं साऱ्यांना गप्प बसवत आला होता. कुणी शिंकलं तरी तो डोळे वटारी. मला त्याचा भारी अभिमान होता.

मग मारेदमावशींचा दिवस उजाडला. ब्याऐंशी वर्षांच्या त्या नटी. बंद पडलेल्या प्रार्थनाघरात एकटी म्हातारी शेवटची प्रार्थना करते, एवढाच प्रसंग होता. पण मावशींना श्वास पुरत नव्हता. दिग्दर्शिका हेलेदला त्या म्हणाल्या, "एकदाच जमेल गं पोरी. भाषा कुठली, ते तू ठरव."

हेलेद घुटमळली. इंग्रजी प्रसंग नसला तर बाहेरची वाहिनी मालिका घेणार नव्हती.

"आपली," ती म्हणाली.

मावशी बोलू लागल्या. मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, पण त्या दिवशी जन्माचं सार्थक झालं असं मला वाटलं. प्रार्थना संपली आणि माझ्या मागून आवाज आला, "आमेन." इद्वालचा! पाठोपाठ दिवेवाल्याचा, खुद्द हेलेदचाही. लहानपणापासून दर रविवारच्या प्रार्थनेनं लागलेलं वळण ते, जाणार कुठे? पण घात झाला. एकटीच्या प्रसंगात तीन माणसं कुठून आली?

इद्वालचं तोंड उतरलं. "मावशी, चुकलो. गाढव आहे मी."

"आहेसच मेल्या!" त्या धापा टाकत हसल्या. "पण राहू दे ते. रिकाम्या घरात बोलले अन् कुणीतरी ओ दिली. काढलंत तर याद राखा."

हेलेदनं ते काढलं नाही. बाहेरची वाहिनी पुन्हा फिरकली नाही आणि दोन वर्षांत कंपनीला कुलूप लागलं. मावशी तर मालिका दिसण्याआधीच गेल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण तो प्रसंग लागला तेव्हा, इद्वाल बायकोला सांगत होता, गावात घरोघरी माणसं टीव्हीसमोर 'आमेन' म्हणाली.

आता मी इद्वालच्या माळ्यावर पेटीत पडून असतो. वायर झिजली आहे, धूळ साचली आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. माझं काम ऐकण्याचं होतं, ते मी केलं. ओ मात्र मला कधीच देता आली नाही. तुम्हाला देता येते. घरातलं म्हातारं माणूस आपल्या बोलीत काही बोललं, तर तेवढी द्या.