फादरांच्या मोटारीचा लिलाव

आमच्या चर्चला घंटा होती, शाळा होती, फक्त मेलेल्याला टेकायला जागा नव्हती. पुष्पाबाईंच्या नवऱ्याला टेम्पोत घालून जालन्याला नेऊन पुरावं लागलं. तेव्हापासून बाई हट्टालाच पेटल्या, गावातच कब्रस्तानाला जागा घ्यायची. स्वयंपाकाआधी प्रत्येकीनं मूठभर ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी चर्चमध्ये आणून विकायची. अकरा वर्षांत अर्ध्या एकराचे पैसे जमले.

ते पैसे आमच्या चर्चच्या फादर इग्नास यांनी चिखलीच्या एका पतसंस्थेत ठेवायला लावले. "माझ्या शब्दावर ठेवा," म्हणाले. संस्थेला कुलूप लागलं तेव्हा कळलं, फादर तिथले संचालक होते आणि ठेवी आणून दिल्याबद्दल त्यांना मोटार मिळाली होती. विचारायला गेलो तर म्हणाले, "प्रार्थना करा." मला असा संताप आला की आठ दिवस प्रार्थनाच सुचली नाही.

कापणीच्या सणाला चर्चच्या अंगणात भोपळे, कोंबड्या, सोयाबीनची पोती रांगेनं मांडतात. फादर पवित्र पाणी शिंपडतात. पाणी पडलं की वस्तू देवाची. तिचा लिलावच व्हायचा. यंदा रांगेच्या टोकाला फादरांची मोटार उभी होती. पुष्पाबाईंनी तिला झेंडूचा हार घातला. फादरांना वाटलं, बायांचा राग गेला, आपला मान केला. खुशीत त्यांनी मोटारीवर दोनदा पाणी शिंपडलं.

भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. मग पुष्पाबाईंनी मोटारीवर हात ठेवला. "बोला, केवढ्याले?"

"बाई, ही माझी आहे," फादर म्हणाले.

"होती. मांगच्या साली माह्या नातीनं, छकुलीनं, बकरीचं पिल्लू वापस मांगलं, तवा तुम्हीच म्हणले, पाणी पडलं ते देवाचं. पोरगी रडून राह्यली, पण तुम्ही देलं नाही. मंग आता काऊन?"

सगळं गाव फादरांकडे बघत होतं. दरवर्षी धान्य घ्यायला येणारे फारुखभाई पुढे झाले. "तीन लाख." बोली चार लाख दहावर थांबली. फादरांनी चावी दिली, कागदावर सही केली आणि एसटीनं गेले. आता त्यांची चौकशी सुरू आहे.

त्या पैशांत जानेवारीत अर्ध्या एकराची खरेदी झाली. पुष्पाबाई अनवाणी सगळं वावर फिरल्या आणि लिंबाखाली थांबल्या.

"ही जागा माही," त्या म्हणाल्या. "आता मराले घाई नाही."

मग आम्हीही भांडून-हसून आपापल्या जागा धरल्या. मला बांधाकडची मिळाली, चांगली सावलीची.